बंद दाराची मजा



या पानांत मलिद्यावर, चिकाच्या हलव्यावर आणि मुंबईच्या जुन्या सिनेगॉगवर पुष्कळ लिहून आलं आहे. आज आम्ही लिहिणार आहोत एका व्हिडिओ गेमवर. हसू नका. हसायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून मग हसा.

'आम्ही' म्हणजे सिडनीतले एक आजोबा आणि एक आजी. लिहिण्याचं काम एकाचं, चुका काढण्याचं दुसरीचं. 2024 च्या डिसेंबरात शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि अकरा वर्षांचा नातू दिवसभर आमच्याकडे राहू लागला. बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेववत नाही. पोरगं सोफ्यावर बसलेलं, हातात कंट्रोलर, समोर टीव्हीवर एक छोटासा पांढऱ्या तोंडाचा किडा इकडून तिकडे उड्या मारतोय. आम्हाला वाटलं, गेली सुट्टी फुकट.

पहिल्या दिवशी आम्ही विचारलं, "बाळा, यात जिंकायचं कसं?" तो म्हणाला, "आजोबा, अजून माहीत नाही. आधी कुठे जायचं तेच माहीत नाही." म्हटलं, मग कुणाला तरी विचार. तर म्हणतो, "विचारलं तर मजा गेली."

हे उत्तर आम्हाला कळायला सुट्टी संपावी लागली. मध्ये एक मोठी चूकही झाली. ती पुढे सांगतो, आधी गेमची ओळख करून देतो.

गेमचं नाव 'हॉलो नाइट'. तो अमेरिकेत किंवा जपानात झाला असेल असं आम्ही धरून चाललो होतो. पण तो आपल्याच ऑस्ट्रेलियातला, अ‍ॅडलेडचा. आमच्यापासून मोटारने सुमारे 1,400 किलोमीटर. एरी गिब्सन आणि विल्यम पेलेन या दोघांनी 'टीम चेरी' नावाने हे काम सुरू केलं. 2014 च्या शेवटी त्यांनी लोकांकडे वर्गणी मागितली, 35,000 ऑस्ट्रेलियन डॉलर. दोन हजारांहून जास्त लोकांनी मिळून 57,138 डॉलर दिले. 24 फेब्रुवारी 2017 रोजी गेम बाहेर आला. चित्रं हाताने काढलेली आणि संगीतही अ‍ॅडलेडच्याच क्रिस्टोफर लार्किन यांचं. मोठी कंपनी नाही, हजार माणसं नाहीत. आपल्या सिनेगॉगची कमिटीसुद्धा यांच्यापेक्षा मोठी असते!

आता गेममध्ये काय आहे ते सांगतो. हॅलोनेस्ट नावाचं किड्यांचं एक राज्य जमिनीखाली मोडकळीला आलेलं आहे. वर डर्टमाउथ नावाचं एक ओसाड गाव. गावात पहिल्यांदा भेटतो तो एक म्हातारा किडा, एकटाच उभा. बाकीचे सगळे विहिरीतून खाली गेले, म्हणतो, परत कोणी आलं नाही. हे पाहून आजी चटकन म्हणाली, "अगं बाई, हे तर आपलं गाव." कोकणात आपल्या लोकांची घरं एकेक करून बंद झाली, कोणी मुंबईला गेलं, कोणी इस्राएलला, कोणी इकडे. प्रत्येक गावात असं एखादं म्हातारं माणूस दारात उभं राहिलेलं आपण पाहिलं आहे. त्या दिवसापासून आजी टीव्हीसमोर खुर्ची घेऊन बसू लागली.

हा गेम 'द्विमितीय' आहे, म्हणजे सगळं बाजूने दिसतं. एखादं घर उभं कापून आतले मजले, जिने, कोनाडे दाखवावेत तसं. आजकालच्या दुसऱ्या गेममध्ये माणूस गल्लीबोळांतून फिरतो, कॅमेरा गरगरतो आणि आम्हाला पाहूनच चक्कर येते. इथे तसं होत नाही. पण बाजूने दिसण्याचा खरा फायदा वेगळा आहे. इथे जी जागा गाठता येत नाही तीसुद्धा समोर दिसत असते. वर उंच एक कठडा आहे, त्यावर काहीतरी चमकतंय. उडी तिथपर्यंत पोचत नाही हे डोळ्यांनाच कळतं, कारण आपली उडी केवढी ते आता आपल्याला ठाऊक झालेलं असतं. वस्तू दिसते पण हाताला लागत नाही. शिंक्यावरचं लोणी दिसावं आणि हात पुरू नये, तसं. ओढ लागते ती त्यामुळे.

अशा ठिकाणी नातू थांबायचा, वर बघायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "नॉट येट." अजून नाही. रागावायचा नाही. लक्षात ठेवायचा आणि पुढे जायचा.

या जातीच्या गेमचा थोडा इतिहास नातवाने आम्हाला ऐकवला, आम्ही तो पुन्हा तपासून घेतला. 1985 साली जपानच्या निन्टेंडो कंपनीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. त्यात फक्त उजवीकडे धावायचं. जो भाग मागे गेला तो गेला, डावीकडे परत फिरताच येत नसे. पुढच्याच वर्षी, 1986 साली, त्याच कंपनीने 'मेट्रॉइड' काढला. त्यात सुरुवातीला उजवीकडे गेलात तर थोड्याच वेळात वाट अडते, कारण कामाची पहिली वस्तू डावीकडे ठेवलेली! म्हणजे पहिला धडाच हा की मागे वळून बघा. मग 1997 साली कोनामी कंपनीच्या 'कॅसलव्हेनिया' मालिकेत एक गेम असाच निघाला, एक मोठा वाडा आणि त्यात पुन्हा पुन्हा फिरायचं. या दोन नावांची संधी करून लोक या जातीला 'मेट्रॉइडव्हेनिया' म्हणू लागले. शब्द उच्चारताना कवळी सांभाळावी लागते, पण अर्थ सोपा आहे. जिथून आलात तिथे परत जा.

आणि परत जायचं कशाला? तर मधल्या काळात तुम्ही बदललेले असता. गेममध्ये एका ठिकाणी 'मॅन्टिस क्लॉ' म्हणजे पंजा मिळतो. तो मिळाला की भिंतीला धरता येतं आणि भिंतीवरून उडी मारत वर चढता येतं. आम्ही म्हटलं, हं, म्हणजे किल्ली मिळाली. नातू म्हणाला, "नाही आजोबा, की एकच दार उघडते. हा सगळ्या भिंती बदलतो." आणि खरंच, त्या दिवशी तो सगळ्या जुन्या जागी परत गेला. ज्या भिंती नुसत्या भिंती होत्या त्या आता वाटा झाल्या. आठवडाभर डोक्यात ठेवलेला तो उंच कठडा त्याने दोन मिनिटांत गाठला. वर काय मिळालं ते आम्हाला आठवतही नाही. त्याचा चेहरा मात्र आठवतो.

आम्हाला आमचं पहिलं वर्ष आठवलं. 1974 साली इथे आलो तेव्हा आम्हाला स्टेशन ते घर एवढीच सिडनी माहीत होती. दुकानदाराचं इंग्रजी कळायचं नाही, आमचं त्याला कळायचं नाही. मग हळूहळू कान तयार झाले, पुढे मोटारीचं लायसन्स मिळालं. शहर तेच होतं, पण रोज लांबून दिसणारे रस्ते एकाएकी आपले झाले. नवीन देशात आलेल्या प्रत्येकाला हा पंजा कधी ना कधी मिळालेला असतो.

आता नकाशाचं सांगतो. नव्या भागात शिरलात की नकाशा नसतो. कॉर्निफर नावाचा एक नकाशे काढणारा किडा कुठेतरी बसलेला असतो. जमिनीवर त्याचे कागद सांडलेले दिसतात, त्याचं गुणगुणणं ऐकू येतं, त्या मागावर त्याला शोधायचं. तो विकतो तोही नकाशा अर्धामुर्धाच. उरलेला आपण फिरून भरायचा. त्यासाठी वर गावात त्याची बायको इसेल्डा हिच्या दुकानातून लेखणी विकत घ्यावी लागते. आणि गंमत म्हणजे, आपण पाहिलेली नवी जागा नकाशात लगेच उमटत नाही. एखाद्या बाकावर जाऊन बसलं की मगच उमटते. पळता पळता नकाशा काढता येत नाही! आजी म्हणाली, "शब्बाथ कशासाठी असतो हे याला आता वेगळं सांगायला नको." आमच्या घरी शुक्रवारी संध्याकाळी दिवा लागला की शनिवारी तारे दिसेपर्यंत गेम बंद, हा नियम आहे. त्यावर आधी कुरकुर व्हायची. बाकाचं उदाहरण दिल्यावर पुष्कळ कमी झाली. पूर्ण थांबली म्हणालो तर खोटं होईल.

हरलात तर? मेलात तर शेवटच्या बाकावर पुन्हा जागे होता, पण तुमचे सगळे पैसे तुम्ही जिथे पडलात तिथे राहतात आणि ते राखत तुमचीच काळी सावली उभी असते. तिथपर्यंत परत जाऊन तिला हरवलंत तर पैसे परत. वाटेत पुन्हा मेलात तर ते कायमचे गेले. हा गेम सोपा नाही. नातू एकेका ठिकाणी वीस-वीस वेळा पडला. एकदा रडलाही. मारामारीही आहे, उगाच लपवत नाही, तेव्हा लहानांच्या आईवडिलांनी आधी स्वतः बघून घ्यावं.

आता आमची चूक.

जानेवारीच्या मध्यावर नातू तीन दिवस एकाच भागात अडकला. त्याची तगमग बघवेना. आजोबांनी विचार केला, आपण मदत करू. इंटरनेटवर शोधलं तर हॅलोनेस्टचा संपूर्ण नकाशा मिळाला. प्रत्येक वाट, प्रत्येक लपलेली खोली, कुठे काय ठेवलंय ते सगळं. लायब्ररीत जाऊन चार पानांवर रंगीत छापून घेतला, चिकटपट्टीने जोडला आणि मोठ्या अभिमानाने त्याच्यासमोर पसरला. पोरगं संस्कारी. "थँक्यू आजोबा," म्हणाला. अर्धा तास खेळला. नकाशात बघायचा, तिथे जायचा, वस्तू उचलायचा, पुन्हा नकाशात बघायचा. मग त्याने कंट्रोलर खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आजीने विचारलं, "काय रे, कंटाळलास?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आता ते शोधणं नाही. आता ते शॉपिंग आहे."

आजोबांना ते फार लागलं. रात्री आम्ही दोघं त्यावर बोलत बसलो. बोलता बोलता विषय गेमवरून कधी सरकला ते कळलं नाही.

या मुलाला आम्ही आपली गोष्ट किती वेळा सांगितली असेल! नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी काम करीत नसत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावावरून आडनावं पडली, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, किहीमचे केहिमकर. दर वर्षी, दर सणाला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, तात्पर्यासकट. आणि तो दर वर्षी "हो आजोबा" म्हणतो आणि खिडकीबाहेर बघतो. आम्ही म्हणायचो, या पिढीला गोडी नाही. पण आम्ही त्याच्यापुढे काय पसरत होतो? चिकटपट्टीने जोडलेला छापील नकाशाच की! एकही दार बंद ठेवलं नव्हतं. मग उघडायचं काय त्याने?

दुसऱ्या दिवशी आजोबांनी तो कागद त्याच्यासमोर फाडला आणि माफी मागितली. "जेवढं पाहिलंस तेवढं विसर," म्हटलं. तो हसला. चार-पाच दिवसांनी पुन्हा खेळू लागला, नकाशात न पाहिलेल्या दिशेने.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, तीही सांगायला हवी. राज्यात एक मोठं शहर आहे, अश्रूंचं शहर. जमिनीखाली असूनही तिथे अखंड पाऊस पडतो. का पडतो त्याची पाटी कुठे लावलेली नाही. पुष्कळ दिवसांनी, भलत्याच वाटेने जाताना, नातवाला एक शांत निळं तळं लागलं. तो थबकला. नकाशा उघडून बोटाने खाली खाली आला आणि ओरडलाच, "आजी! ते शहर याच्या खाली आहे! म्हणून पाऊस!" कोणी त्याला शिकवलं नव्हतं, परीक्षा नव्हती, बक्षीस नव्हतं. दोन गोष्टी त्याच्या डोक्यात जुळल्या आणि त्या त्याच्या स्वतःच्या झाल्या. आम्हाला विचाराल तर या गेमची सगळी मजा त्या एका ओरडण्यात आहे.

मग आम्ही ठरवलं, आपणही एक दार बंद ठेवून बघू.

आमच्याकडे एक जुना काळा-पांढरा फोटो आहे. एक मोठा खडक, भोवती पंधरा-वीस माणसं, बायकांच्या डोक्यावर पदर. खडकावर एक खूण. मागे शाईने मराठीत दोन ओळी. आम्ही तो फोटो दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी ठेवला आणि काही बोललो नाही. दोन दिवसांनी प्रश्न आला, "हे कोण?" म्हटलं, "मागे लिहिलंय." त्याने उलटून पाहिलं. "मला वाचता येत नाही. तू वाच ना." आजी म्हणाली, "नॉट येट."

तो चकित झाला. मग त्याचे डोळे बारीक झाले, तसे तो उंच कठडा पाहताना व्हायचे.

त्याला मराठी बोललेलं कळतं, अक्षरं मात्र येत नव्हती. शिकवायचा प्रयत्न आम्ही दोनदा करून सोडला होता. या वेळी त्याने स्वतः विचारलं, "या ओळीतलं पहिलं अक्षर कोणतं?" आम्ही फक्त तेवढंच सांगितलं. शाळा सुरू झाली तरी दर रविवारी एक-दोन अक्षरं. काना, वेलांटी, अनुस्वार. मे महिन्यापर्यंत तो इथल्या भारतीय दुकानातल्या पापडाच्या पुड्या वाचू लागला, कॅलेंडरवरचे वार वाचू लागला. पंजा मिळाला होता. घरातल्या सगळ्या भिंती बदलल्या.

सप्टेंबर 2025 उजाडला. 4 तारखेला या गेमचा दुसरा भाग, 'सिल्कसाँग', बाहेर आला. फेब्रुवारी 2019 मध्ये जाहीर झालेला, साडेसहा वर्षं लोक वाट पाहत होते. आम्हाला वाटलं, आता फोटो विसरला. पण नाही. महिन्याभरात दारफाळणीचा सण आला. लहान मुलांसाठी सांगतो, योम किप्पूरला आपले कोकणातले पूर्वज दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारं बंद करून घरात राहत, उपास करीत, कोणाशी व्यवहार करीत नसत. दुसऱ्या दिवशी शिळा सण. दारं उघडायची, भेटीगाठी घ्यायच्या, दानधर्म करायचा. त्या शिळ्या सणाला नातू आला, फोटो हातात घेतला आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

"खंडाळे. टापाजवळ. सर्व आले होते. तुम्ही नव्हता."

अलिबागजवळच्या खंडाळे गावचा तो खडक, जिथून एलियाहू हन्नाबी स्वर्गात गेले असं आपले लोक मानतात, ती घोड्याच्या टापेची खूण. हे सगळं सांगायला आम्ही तयारच बसलो होतो. तात्पर्यही तयार होतं. पण त्याने ते विचारलंच नाही. त्याने विचारलं, "तुम्ही म्हणजे तू आणि आजी? तुम्ही का नव्हता?"

हे दार आम्हीच इतकी वर्षं बंद ठेवलं होतं. आजोबांच्या वडिलांनी 1981 साली तो फोटो पाठवला होता. नवस फेडायला सगळं घर खंडाळ्याला गेलं होतं, मलिदा केला होता. आम्हालाही बोलावलं होतं. तिकिटाचे पैसे कसेबसे झाले असते. पण नवीन घराचं कर्ज होतं, नोकरीत रजा मागायची भीती होती. म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ. 1983 साली वडील गेले. आम्ही नंतर कोकणात दोनदा गेलो, नवगाव पाहिलं, अलिबागच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना केली. त्या खडकापर्यंत मात्र गेलो नाही. आम्हाला जाववलं नाही. आमची सावली तिथे उभी आहे, असं म्हणा.

हे आम्ही आमच्या मुलांनाही कधी सांगितलं नव्हतं. नातवाला सांगितलं. गेममध्ये एक म्हातारा सांबर-किडा आहे, प्रवाशांना पाठीवर बसवून स्टेशनं फिरवणारा. त्याची जात संपली, तो एकटाच राहिला, पुष्कळ विसरला. खेळणारा एकेक बंद स्टेशन उघडतो तसतसं त्याला जुनं आठवत जातं. आम्हाला त्या दिवशी तसंच झालं. माणसांची नावं आठवली, मलिद्यातल्या गुलाबाच्या पाकळ्यांचा वास आठवला.

नातू ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, "मग आता जाऊ या ना." आजी म्हणाली, "आता आमच्याने तो चढ होईल का रे?" त्यावर तो काही बोलला नाही, फोटो पुन्हा जागेवर नेऊन ठेवला. डिसेंबरची सुट्टी जवळ येते आहे. आम्ही तिकिटांची चौकशी केली आहे. अजून ठरलेलं नाही.

वाचकहो, तुमच्या ट्रंकेतही मागे शाईने लिहिलेले फोटो असतील. ते बाहेर काढा, मुलांच्या नजरेसमोर ठेवा. मागचं वाचून मात्र दाखवू नका.

आणि बालमित्रांनो, आजी-आजोबा गेमच्या मध्ये येऊन फार प्रश्न विचारतात म्हणून चिडू नका. त्यांना शेजारी बसवा, थोडं दाखवा. सगळं सांगू नका. त्यांनाही शोधू द्या.

शालोम.